कडूकंदाचा पहिला तुकडा

महाशिवरात्रीच्या फराळाला आमच्या घरी रताळी शिजत नसत. रताळं म्हणजे बाजारातून विकत आणायची चीज. उपासाला असे कडूकंद. गावापासून दीड कोसावर एक बुटकी टेकडी होती, तिच्यावर तो आपसूक वाढे. टेकडीमागच्या वाडीवरची एक बाई तो खणून आणी आणि टोपल्याच्या बदल्यात ज्वारी घेऊन जाई. हा व्यवहार माझ्या जन्माआधीपासून चालत आला होता.

आमचं गाव कामरगावहून धनजकडे जाणाऱ्या वाटेवर. तेव्हा हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात मोडे. जमीन काळी, पीक कापूस आणि ज्वारी, टेकडीवर पळस, धावडा आणि तुरळक साग. जमिनीखालचं खायचं म्हणजे काही विशेष आहे असं कोणाला वाटत नसे. शेत नांगरलं की लव्हाळ्याच्या मुळांच्या गाठी वर येत. बोराच्या बीएवढ्या काळ्या गाठी. पदराला घासून दातांखाली फोडल्या की आतला पांढरा गर ओल्या खोबऱ्यासारखा लागे. कापूस वेचायला जाणाऱ्या मुली त्या ओच्यात भरून दिवसभर चघळत. गावतळ्यात कमळं होती. तळं आटत आलं की पुरुष गुडघाभर चिखलात उभे राहून पायाच्या बोटांनी कमळाचं मूळ चाचपत आणि मग वाकून ते ओढून काढत. त्याला ढेंस म्हणत. कापलं की आत गोल गोल भोकं दिसत. तिखटमिठात परतलेली ढेंसाची भाजी मी शेवटची केव्हा खाल्ली ते सांगता येत नाही, पण दाताखाली तिचा जो धागा निघे तो आठवतो. उन्हाळ्यात गडी भुईकोहळा खणून आणत. तो घागरीएवढाही निघे. त्याच्या चकत्या पाण्याऐवजी खात खात ते उन्हातून चालत.

या सगळ्यांत कडूकंद वेगळा होता, कारण तो तसाच खाता येत नसे. कच्चा खाल्ला तर घसा भाजे, ओकाऱ्या होत, डोकं गरगरे. त्याला खाण्याजोगा करायला चार-पाच दिवस आणि वाहतं पाणी लागे.

मी अकोल्याला एका साप्ताहिकात काम करत होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद मिळेनासा झाला, अंकाची पानं कमी झाली आणि शेवटी अंकच बंद झाला. मी गावी परतलो. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. करण्यासारखं काही नसल्यानं पौषातल्या एका सकाळी मी त्या बाईबरोबर टेकडीवर गेलो.

तेव्हा तिचं वय पंचेचाळिशीच्या आसपास असावं. अंगानं किडकिडीत, कपाळावर गोंदण, हातात तिच्याच उंचीची लोखंडी सब्बल, म्हणजे पहार. पौषात कंदाचा वेल वाळून गळून पडलेला असतो, त्यामुळे खाली कंद कुठे आहे हे वरून कळत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमाराला, पानं पिवळी पडू लागली की, ती टेकडीवर एक फेरी मारी आणि जिथे वेल असेल तिथल्या झुडपाला पळसाच्या मुळीच्या धाग्याची गाठ बांधून ठेवी. आता ती गाठी शोधत चालली होती. एका झुडपाशी थांबली, खाली बसली आणि मला म्हणाली, "बाबू, पेपरातल्या लोकाले खनता येते काय? का नुसतं लिवताच येते?"

मी सब्बल घेतली. दहा-बारा घावांत तळहाताला फोड आला. ती हसली नाही. सब्बल परत घेतली आणि म्हणाली, "सरका. तुमी खड्ड्याकडं पाहा, अन् मंग घरी जाऊन सांगा का मीच खनला म्हनून."

दीड हात खोल गेल्यावर कंद लागला. बाहेरून मळकट, मुळ्यांच्या केसांनी भरलेला, आतून फिकट पिवळा. तिनं तो सगळा काढला नाही. वेलाचा बुडखा धरून वरचा चार बोटांचा भाग कोयत्यानं कापला, तो खड्ड्यात परत ठेवला, माती ओढली आणि टाचेनं दाबली. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "डोकं टेकडीचं, धड आपलं. डोकं पुरलं का पुन्हा फुटते." तिच्या वाडीवर असं डोकं परत न पुरणाऱ्याला पुढच्या वर्षी टेकडीवर कोणी बरोबर नेत नसत. दुपारपर्यंत टोपलं भरलं आणि तिनं अकरा डोकी परत पुरली. मी मोजली, कारण मोजण्याखेरीज मला दुसरं काम नव्हतं.

कंद घरी आल्यावरचं काम माझ्या आत्याकडे असे. आत्या वडिलांची मोठी बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. आई गेल्यापासून स्वयंपाकघर तिच्याच हातात होतं. ती हाताला तेल लावून विळीवर कंदाच्या पातळ चकत्या करी, नाहीतर हात खाजत. मग चुलीची चाळलेली राख घालून चकत्या उकडायच्या, धुवायच्या, बांबूच्या टोपल्यात भरायच्या, वर दगड ठेवायचा आणि टोपलं नाल्याच्या वाहत्या पाण्यात तीन रात्री ठेवायचं. दिवस कोणी मोजत नसे, रात्रीच मोजत. पाण्यानं कडूपणा निघून गेला की चकत्या पुन्हा उकडायच्या आणि शेंगदाण्याचं कूट, सैंधव, हिरवी मिरची लावून खायच्या. चव बटाट्याच्या जवळची, पण मागे एक किंचित कडवट छटा राही. ती छटा नसती तर तो आम्हाला कडूकंद वाटलाच नसता.

आणि खाण्याआधी एक रीत होती. कंद ज्यानं खणला त्यानं पहिला तुकडा खायचा, ज्या घरी दिला त्या घरात, त्या घरच्यांसमोर. शिवरात्रीच्या सकाळी ती बाई आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसे. आत्या पळसाच्या पानावर एक चकती तिच्यापुढे ठेवी. मग दरवर्षी तेच बोलणं होई.

आत्या म्हणे, "खाय वं माय आदी. तू मेली त सारा कंद उकिरड्यावर फेकून देऊ."

बाई म्हणे, "फेका ना पाटलीनबाई. पन मी मेली त पुढच्या साली तुमाले कंद कोन आनून देईन?"

वडील गावचे पाटील नव्हते. वाडीवरची माणसं सगळ्याच मोठ्या घरांना पाटील म्हणत. बाई चकती चावून खाई, थोडा वेळ जीभ टाळूला लावून बसे आणि मान हलवी. मग घरात पानं मांडली जात. त्या सकाळी ती अशा दहा-बारा घरी जाई आणि प्रत्येक घरी एकेक चकती खाई. तिचा फराळ त्यातच होई. तिनं स्वतःच्या घरी तयार केलेल्या चकत्या ती पुढचे काही आठवडे कामरगावच्या बाजारात मांडे. त्या पैशांवर आणि घरोघरच्या ज्वारीवर तिचं घर उन्हाळा काढी. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्यावर मी कधी विचार केला नव्हता.

त्या वर्षी नाला पौष संपायच्या आतच आटला. आत्यानं चकत्यांचं टोपलं आमच्या विहिरीच्या पाटात ठेवायचं ठरवलं. मोट ओढली की पाणी थारोळ्यात पडे आणि तिथून मातीच्या पाटानं कांद्याच्या वाफ्यांकडे जाई. पाणी स्वच्छ होतं आणि वेगानं वाहे. तीन रात्री टोपलं पाटात राहिलं. संध्याकाळी ते ठेवण्याचं आणि सकाळी काढण्याचं काम माझ्याकडे होतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवरच्या माणसांबरोबर तिला टेकडीपलीकडच्या महादेवाला जायचं होतं, म्हणून ती पहिला तुकडा आजच खाणार होती. तिनं चकती तोंडात घातली, चावली आणि लगेच थुंकली.

"अजून खाजवते वं पाटलीनबाई. किती रातीचं पानी झालं?"

"तीन झाल्या."

"नाल्यातच ठेवलं ना?"

"नाला कुठी हाये औंदा? पाटात ठेवलं."

"पाट बी चालते. वाहता पायजे फक्त. अजून एक रात ठेवा."

आत्यानं मान डोलावली. तिला घाई होती. वहिनीचे वडील आणि भाऊ त्याच संध्याकाळी मंगरूळहून शिवरात्रीसाठी येणार होते. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ कारंज्याला जिनिंगमध्ये कामाला होता, तो येणार नव्हता.

दिवस मावळताना मी टोपलं घेऊन विहिरीवर गेलो. बैल सोडलेले होते. गडी त्यांना पाणी दाखवून गोठ्याकडे घेऊन चालला होता. पाटात घोट्याएवढं पाणी होतं आणि ते स्थिर होतं. मी टोपलं त्यात ठेवलं, वर दगड ठेवला आणि घरी आलो. सकाळी परत गेलो तेव्हा पाटातलं पाणी मातीत मुरून गेलं होतं. टोपल्याखाली दोन बोटं गढूळ पाणी उरलं होतं. शिवरात्रीला आमच्याकडे मोट जुंपत नसत, त्यामुळे नवं पाणीही येणार नव्हतं. मी टोपलं उचललं, विहिरीवरच्या घागरीनं चकत्यांवर पाणी ओतलं आणि घरी नेलं.

आत्यानं विचारलं, "रातभर होतं ना पान्यात?"

मी म्हणालो, "रातभर पाण्यातच होतं."

वाक्य चुकीचं नव्हतं. आधीच्या तिन्ही रात्रीही तसंच घडलं होतं. मोट दिवसा चाले. आम्ही मोजत होतो रात्री, आणि रात्री पाणी वाहत नव्हतं. चार रात्री मोजल्या आणि त्यातली एकही वाहत्या पाण्याची नव्हती. हे त्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मला ते दिसलं नाही.

बाई आलीच नाही, ती महादेवाला गेली होती. आत्या क्षणभर थबकली, मग म्हणाली, "कालच्याला तिनं खाल्लंच." पानं मांडली गेली.

व्याही चांगले खाणारे होते. त्यांनी तीनदा घेतलं. वडिलांनी दोनदा. वहिनीनं थोडं घेतलं. आत्या शेवटी बसे, तिच्या वाट्याला खरवड आली. मी रात्रीपासून तापानं कणकणलो होतो म्हणून फक्त ताक प्यायलो. दुपारी आधी व्याह्यांचा घसा धरला. ते पाणी मागत राहिले. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, त्यांच्या, त्यांच्या मुलाच्या आणि वडिलांच्या. वडील भिंतीला धरून चालत होते. आत्यानं चिंचेचं पाणी दिलं, मग ताक, मग पुन्हा चिंचेचं पाणी. दिवे लागेपर्यंत सगळे उठून बसले. कोणाला कायमचं काही झालं नाही.

व्याही मात्र बसल्या बसल्या बोलू लागले. "तुमच्या इकडं उपासाला जहर खातेत काय? आमी मंगरूळले रताळं खातो. बाजारात मिळते. कुन्या वाडीवरच्या बाईच्या हातचं कायले खा लागते?"

दुसऱ्या दिवशी व्याह्यांची दोन बैलांची दमणी निघाली. वेशीपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला त्यांनी हकिगत सांगितली. बाईचं नाव घेतलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं. "ते कंदवाली, जहरवाली," असं म्हणाले. तेवढं पुरलं.

त्यानंतरच्या दिवशी बाई ज्वारी न्यायला आली आणि नेहमीच्या पायरीवर बसली. वडील ओसरीवर होते. ते म्हणाले, "आता इकडं येऊ नको. आमच्या घरी माणसं मरता मरता वाचली."

आत्याकडे पाहून तिनं विचारलं, "पानी किती रातीचं दिलं होतं?"

"चार," आत्या म्हणाली.

"वाहतं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाटातच होतं."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. नजर तिखट नव्हती. मग तिनं रिकामं टोपलं उचललं, डोक्यावर ठेवलं आणि निघून गेली. त्या दिवशी ती गावातल्या दुसऱ्या कुठल्या घरी गेली नाही. गेली असती तरी तिथे बातमी तिच्या आधी पोचली होती. ज्यांच्या घरी कोणालाच काही झालं नव्हतं, त्यांनीही उरलेल्या चकत्या फेकून दिल्या.

पुढे दोन बाजार झाले. पहिल्या बाजाराला मी गेलो नव्हतो. दुसऱ्याला सुताराकडे काम होतं म्हणून गेलो. ती नेहमीच्या जागी, लिंबाखाली, टोपलं पुढे घेऊन बसली होती. टोपल्यावर पळसाची पानं, पानांवर चकत्या. कोणी पुढ्यात आलं की ती एक चकती उचलून स्वतः खाई आणि समोरच्याकडे पाही. समोरचा पुढे निघून जाई. शेजारचा मिरचीवाला तिला म्हणाला, "सारं तूच खाऊन राह्यली. विकशीन काय मंग?" ती म्हणाली, "तू घे ना एक. तुये पैसे नाई घेत." तो म्हणाला, "मले लेकरं हायेत बाप्पा." आजूबाजूचे हसले. तीही हसली आणि आणखी एक चकती खाल्ली.

मी सुताराकडे न जाताच परतलो. आत्या अंगणात तूर पाखडत होती. मी तिला सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि एकेक प्रश्न विचारला. असे प्रश्न मला साप्ताहिकाच्या कचेरीत एकाच माणसानं विचारले होते, आमच्या जुन्या उपसंपादकांनी.

"तू टोपलं ठेवलं तवा मोट चालू होती काय?"

"नाही. बैल सोडले होते."

"त्याच्या आदल्या राती?"

"रोज तसंच. दिवस बुडायच्या आत सोडतात."

"सकाळी पानी किती होतं?"

"दोन बोटं. गढूळ."

"अन् तू मले काय सांगतलं?"

"रातभर पाण्यातच होतं."

आत्यानं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "पेपरात असंच लिवत होता काय रे?"

ती पुढे म्हणाली, "तुयं एकट्याचं नाई. मले कळाले पायजे होतं का रातीले मोट चालत नाई म्हनून. चाळीस वर्सं झाले, मी याच घरात राहून राह्यली." आणि पुन्हा तूर पाखडू लागली.

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं की पुढच्या बाजाराला ती स्वतः जाणार आहे. आमच्या घरच्या बायका बाजाराला जात नसत, विधवा बहीण तर नाहीच. वडील म्हणाले, "तिले घरी बोलाव. इथंच सांग, ज्वारी दे, झालं. बाजारात कायले जा लागते?"

आत्या म्हणाली, "तिले जहरवाली बाजारात म्हनलं. मंग मी घरात कायले सांगू?"

"अन् खानार हाय तू तिच्या हातचं? चारचौघात?"

"खाईन."

आज हे वाचणाऱ्याला त्या शब्दाचं वजन कळणार नाही. वाडीवरच्या बाईनं आमच्या घरी, आमच्या भांड्यातलं खायचं, ही रीत होती. तिच्या हातचं, तिच्या चुलीवरचं आमच्यापैकी कोणी खायचं, याला रीत नव्हती. कच्चा कंद चाले, शिजवलेला चालत नसे. वडील उठून बाहेर गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण बाजाराच्या सकाळी बैलगाडी जुंपलेली होती आणि गाडीवर ते स्वतः बसले होते.

कामरगावला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वडील गाडीपाशीच थांबले. आत्या पदर डोक्यावर ओढून सरळ लिंबाकडे गेली, मी तिच्या मागे. बाई उभी राहिली. आत्या तिच्यासमोर जमिनीवर बसली, तेव्हा बाईही बसली. आजूबाजूची माणसं थांबली. थांबणारच होती.

आत्यानं हात पुढे केला. "दे."

बाईनं सवयीनं स्वतःसाठी एक चकती उचलली. "मी आदी…"

"आज मी आदी. मी मेली त तुया कंद उकिरड्यावर फेकून दे."

बाईच्या हातातली चकती तशीच राहिली. मग ती म्हणाली, "तुमी मेल्या त पुढच्या साली मले ज्वारी कोन देईन, पाटलीनबाई?"

आत्यानं तिच्या हातातून चकती घेतली आणि चावून खाल्ली. किती रातीचं पाणी झालं, हे तिनं विचारलं नाही. जीभ टाळूला लावून ती थोडा वेळ बसली, बाई दरवर्षी बसे तशी. मग मिरचीवाल्याकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चूक आमच्या घरची होती. पानी वाहत नव्हतं. तिनं सांगतलं होतं, आमी आयकलं नाई."

मिरचीवाला म्हणाला, "मले काहून सांगता? मी काय म्हनलो होतो काय?"

"म्हनला होता," बाई म्हणाली. "लेकरं हायेत म्हनला होता."

त्यानं एक चकती घेतली. पैसे दिले की नाही ते मी पाहिलं नाही. मग आमच्याच गावची एक बाई पुढे आली आणि तिनं ओंजळभर घेतल्या. त्यानंतर टोपलं हळूहळू रिकामं होत गेलं. सगळं संपलं नाही. उरलेल्यातल्या काही चकत्या आत्यानं पदरात बांधून घेतल्या. परतताना गाडीत वडिलांनी मागे न पाहता हात मागे केला आणि विचारलं, "हाये काय?" आत्यानं त्यांच्या हातावर दोन चकत्या ठेवल्या.

त्या वर्षीची ज्वारी आत्यानं तिसऱ्या दिवशी वाडीवर पोचवली. मी डोक्यावरून नेली. पुढच्या शिवरात्रीला बाई पुन्हा पायरीवर आली. काही घरांनी तिच्याकडून कंद घेणं कायमचं सोडलं. मंगरूळच्या व्याह्यांनी तर पुढे कधीच आमच्या घरी कंद खाल्ला नाही. ते शिवरात्रीला रताळी घेऊन येत आणि आत्या ती मुकाट्यानं उकडून त्यांना वाढी. आमच्या घरात रताळं शिरलं ते असं.

नंतरची वर्षं लवकर गेली. टेकडीवरचा धावडा कोळशासाठी तुटला. जिथे झुडपंच उरली नाहीत तिथे दिवाळीची गाठ कशाला बांधायची, असं बाई म्हणे. मग उताराचे तुकडे नांगराखाली आले आणि पुरलेली डोकी नांगरात निघाली. एका पौषात ती अर्धं टोपलं घेऊन आली, त्यापुढच्या पौषात पाव. त्यानंतरच्या शिवरात्रीला ती रिकाम्या हातानं आली, सवयीनं पायरीवर बसली आणि आत्यानं तिला रताळ्याची फोड दिली. तिनं ती खाल्ली आणि म्हणाली, "याले पानीच द्या लागत नाई, नाई का?" आत्या म्हणाली, "नाई लागत." दोघी बराच वेळ तिथे बसल्या होत्या. मी ओसरीवर होतो.

आता दोघीही नाहीत. शिवरात्रीला मी कामरगावच्या बाजारातून रताळी आणतो. ती गोड असतात आणि कच्ची खाल्ली तरी काही होत नाही. तरीही आमच्या घरी पानं मांडण्याआधी, ज्यानं ती आणली त्याच्यापुढे पहिली फोड ठेवतात आणि तो खाईपर्यंत बाकीचे थांबतात. लहान मुलांना याचं कारण माहीत नाही, ती घाई करतात. मी फोड चावतो, जीभ टाळूला लावून थोडा वेळ बसतो आणि मान हलवतो.